आडव्या दाढेची साक्ष

अक्कलदाढ दुखायला लागली आणि भीती वाटली की आमच्या गावातलं माणूस आधी माझ्याकडे येतं. माझ्या दोन काढून झाल्या आहेत, आणि पारनेरच्या या बाजूला एवढा अनुभव दुसऱ्या कुणाच्या गाठीला नाही. मी त्यांना मिठाच्या गुळण्यांचं सांगतो. सुई टोचल्यावर गाल परक्या माणसाचा असल्यासारखा वाटतो, हे सांगतो. तोंड उघडून जबड्याच्या टोकांना राहिलेल्या मोकळ्या जागा दाखवतो. मग ते धीर आल्यासारखं करतात आणि घरी जातात.

पण माझ्या जिवावर बेतलं ते नुसत्या दाढेमुळे नव्हे. एक गोष्ट मी सांगितली नाही, तिच्यामुळे. ती गाळून दिलेला धीर खोटा आहे, असं मला अलीकडे वाटायला लागलं, म्हणून हे लिहायला बसलो.

मी शाळामास्तर. आम्ही आजोबांपासूनचे ख्रिस्ती. घरी बायको शांताबाई आणि मी. मुलगी लग्न होऊन गेलेली. लढाई नुकतीच संपली होती, मोटारी अजून कोळशाच्या भट्टीवर चालत होत्या, आणि मी चाळिशी ओलांडली होती. या वयात दाढ येते म्हटल्यावर गावाची करमणूकच झाली. "मास्तर, इतकी वर्सं पोरं हिच्याबिगरच शिकवली व्हय?" असं चावडीपुढून जाताना ऐकावं लागे. मीही हसायचो. आधी हसता येत होतं.

दुखणं यायचं आणि जायचं. डाव्या बाजूला, अगदी मागे, हिरडीचा एक तुकडा दाढेवर चढलेला. त्यात भाकरीचा कण अडकला की दोन दिवस ठणका. लवंग धरली, हिंग धरला, पेरूचा पाला चावला. भुईरिंगणीच्या बियांची धुरीही घेतली. धुरी देणारीने पाण्यात पडलेले पांढरे कण किडे म्हणून दाखवले आणि मी शिकलेला माणूस, तेही मानून घेतले. ठणका मात्र राहिला.

दात काढण्याचं मात्र मी कुणाला बोलू देत नव्हतो. लहानपणी पारनेरच्या बाजारात माझ्या वडिलांचा दात उघड्यावर काढलेला मी पाहिला होता. एकाने डोकं धरलं होतं, एकाने पकड. वडील ओरडले नाहीत. त्यांच्या टाचा मात्र मातीत रुतत गेल्या. ते दोन खड्डे मला अजून दिसतात.

*

शाळेच्या कामासाठी नगरला गेलो होतो तेव्हा दाढ इतकी उठली की मला समोरचं दिसेना. तिथल्या एका ओळखीच्या मास्तरांनी दातांच्या डॉक्टरांचं घर दाखवलं. हे डॉक्टर लढाईत फौजेत होते, नुकतेच येऊन त्यांनी दवाखाना घातला होता. बोलायला शांत. त्यांनी माझं तोंड उघडायला लावलं, आरसा आत घातला आणि बराच वेळ पाहिलं.

"अक्कलदाढ आडवी आहे," ते म्हणाले. "पुढच्या दाढेला धडक देते आहे. वर मांस आहे, आत पू धरायला लागलाय. आज काढता येईल. सूज चढली की काढता येणार नाही, आणि मग अवघड होईल."

मी मान हलवली.

"आणि एक लक्षात ठेवा. बाहेरून गालाला शेक द्यायचा नाही. पोटीस नाही, गरम वीट नाही, काही नाही. पू बाहेरच्या बाजूला ओढला जातो, मानेत उतरतो. शेकायचं ते आतून, मिठाच्या कोमट पाण्याने. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

ते सुई भरायला वळले. खुर्चीशेजारी पांढऱ्या ताटलीत माझ्या आधीच्या माणसाची दाढ पडली होती. तिची मुळं लांब होती, वाकडी, आणि त्यांना काहीतरी चिकटलेलं होतं. मी उठलो. "जरा लघवीला जाऊन येतो" म्हणालो. डॉक्टरांनी मागचं दार दाखवलं. मी मागच्या दाराने बाहेर पडलो, परसातून बोळात, बोळातून रस्त्यावर, आणि मोटारींच्या अड्ड्यापर्यंत चक्क पळालो. डोक्यावर टोपी, हातात शाळेच्या खडूंचं खोकं, आणि पोरांना रोज धीराच्या गोष्टी सांगणारा मास्तर पळतो आहे. मोटार सुटेपर्यंत मी मागच्या बाकावर खाली वाकून बसलो, कुणी शोधायला आलं तर दिसू नये म्हणून.

घरी शांताबाईने विचारलं, "दाताचं कुनाला दावलं का न्हाई?"

"वेळच मिळाला नाही," मी म्हणालो.

*

दोन-तीन दिवसांत गाल फुगला. तोंडात बोट जाईल एवढीच फट राहिली.

माझ्या बायकोच्या पोटिसाचं गावात नाव होतं, हे इथे सांगायला हवं. जवसाचं पीठ शिजवून, हळद घालून, फडक्यावर पसरून ती असं बांधायची की गळू, नखुरडं, काखमांजरी, काहीही असो, पिकून फुटायचं आणि माणूस मोकळं व्हायचं. बायका लेकरं घेऊन तिच्याकडे यायच्या. आमच्या घरात मानाचं असं जे काही होतं त्यातलं निम्मं माझ्या मास्तरकीचं, निम्मं तिच्या हाताचं.

ती वाफाळतं फडकं ताटलीत घेऊन आली. "बसा असं. लई गरम न्हाई, मी हातावर बगितलंय."

मला ते वाक्य पाठ होतं. बाहेरून गालाला शेक द्यायचा नाही. मी ते बोललो असतो तर ती विचारणार होती, कोन म्हनलं? मग डॉक्टर निघाले असते, खुर्ची निघाली असती, परसदार निघालं असतं. शिवाय, तिच्या पोटिसाने आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं. डॉक्टर लोक सांगतात तसं, असं मी मनाशी म्हटलं. आणि गाल पुढे केला.

ऊब बरी वाटली. हेही खरं आहे. तिने दिवसातून कितीदा ते बांधलं असेल, मी मोजलं नाही. गाल लाल झाला, मग जांभळा झाला, आणि सूज गालावरून खाली गळ्याकडे उतरायला लागली. डॉक्टर म्हणाले होते तशीच. मी आरशात पाहत होतो आणि मला एकट्यालाच माहीत होतं काय होतं आहे.

घाबरलेल्या माणसाला वाटतं की गप्प राहिलं तर धोका त्याला ओळखणार नाही. मला खरोखरच तसं वाटत होतं.

मग थुंकी गिळता येईना. जीभ वर उचलली गेली, टाळूला लागायला आली. आडवं पडलं की श्वास अडायचा, म्हणून मी भिंतीला टेकून बसून राहायचो. शांताबाई समोर बसून माझ्या छातीकडे बघत राहायची, ती हलते का ते. तिच्या ओठांत प्रार्थना चाललेली असायची. मला प्रार्थना करता येत नव्हती. देवाशी बोलायला गेलो की पहिल्यांदा तेच वाक्य पुढे यायचं.

शेवटी तिनेच शेजाऱ्याची बैलगाडी जुंपायला लावली. "दात म्हनून बसलाव," ती म्हणाली. "हा दात न्हाई. ह्यो जीव हाय."

*

नगरच्या दवाखान्यात मला दारातूनच आत घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी जबड्याखाली बाहेरून चीर दिली. तेव्हा पूर्ण भूल दिली नाही, श्वासाची भीती होती म्हणून. त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की चीर पडली, घाण बाहेर आली, आणि मला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. मी रडलो. सिस्टर म्हणाली, "रडू द्या त्यांना, तेवढं तोंड हलतंय."

लढाईत निघालेलं नवं इंजेक्शन, पेनिसिलीन, पुण्याहून आलं होतं. दर काही तासांनी सिस्टर यायची, एकदा या कुल्ल्यावर, एकदा त्या. दुखायचं. पण मला तिची वाट बघायची सवय लागली. ती आली म्हणजे कुणाला तरी मी जगावं असं वाटतं आहे.

बाजूच्या खाटेवर पाय मोडलेले एक राहुरीकडचे आजोबा होते. माझं तोंड बंद, म्हणून ते दोघांचं बोलायचे. "मास्तर, पोरांना जलमभर 'तोंड मिटा' म्हनलात. आता बगा." मी हाताने 'नको' करायचो. हसलं की टाके ओढायचे. त्यांच्या त्या चेष्टेने मला किती तारलं, ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर मला पाहायला आले. तेच.

ते खोलीत शिरताना दिसले आणि चीर देतानाही वाटली नव्हती एवढी भीती मला वाटली. मी डोळे मिटून घेतले. पण माझा चेहरा इतका सुजलेला होता की त्यांनी ओळखलं नाही. मी त्या सुजेचे उपकार मानले. खोटं लिहीत नाही, मनातल्या मनात मी देवाचे नव्हे, सुजेचे उपकार मानले.

त्यांनी गालावरची भाजलेली, काळपट कातडी बोटाने दाबून पाहिली.

"हे काय बांधलं होतं? कुणी केलं हे?"

शांताबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. पदर सावरून म्हणाली, "मी, डॉक्टरसाहेब. जवसाचं पोटीस."

"अहो बाई, दाढेच्या सुजेला बाहेरून शेक देतात का? तुम्ही या माणसाला मारायलाच निघाला होता!"

"मला ठावं नव्हतं," ती म्हणाली.

"विचारायचं कुणाला तरी."

ती खाली बघून उभी राहिली. माझं तोंड उघडत नव्हतं; पण हात मोकळे होते. खूण करता आली असती. शाळेची पाटी उशाशी होती, बोलता येत नाही म्हणून तिनेच आणून ठेवलेली. मी पाटीकडे हात नेला नाही.

*

बरं होणं फार सावकाश असतं, हे नव्याने आजारी पडलेल्यांनी ओळखून असावं. सूज थोडी उतरल्यावर दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली. सुई टोचली, बधिर झालं, मग हाड घासल्याचा आवाज कवटीच्या आतून ऐकू आला. दुखलं नाही. आवाजाचीच भीती वाटते. तेवढीच मनात धरून जावी. नंतर जबडा उघडावा म्हणून लाकडी पाचर दातांत धरायची, रोज थोडी जास्त. मी पाचर धरून बसायचो आणि शांताबाई समोर तांदळाची पेज ढवळत बसायची. पेज निवली की चमच्याने, ओठाच्या कोपऱ्यातून. सांडलं की पुसायची. पहिल्यांदा भाकरीचा मऊ पापुद्रा दुधात कुस्करून खाल्ला तेव्हा ती हसली. पण पूर्वीसारखं बोलेना.

शेवटच्या तपासणीला माझा चेहरा माझ्यासारखा झाला होता. दातांचे डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला आधी कुठं पाहिलंय का हो?"

"नाही," मी म्हणालो. तोंड आता व्यवस्थित उघडत होतं.

"उजव्या बाजूचीही तशीच आडवी आहे. दुखायच्या आत काढून घ्या."

*

आमच्या मंडळीत रिवाज आहे. आजारातून उठलेला माणूस रविवारी देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) उभा राहून साक्ष देतो, म्हणजे देवाने आपल्याला कसं वाचवलं ते सगळ्यांसमोर सांगतो. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला बसलेल्या. मी उभा राहिलो आणि मास्तराच्या सवयीने चांगलं बोललो. म्हणालो, "आमच्या घरच्या अज्ञानाने चुकीचे उपचार झाले, तरी प्रभूने मला मरणाच्या दारातून परत आणलं."

आमच्या घरच्या. लोक 'आमेन' म्हणाले. बायकांच्या बाजूला काही माना शांताबाईकडे वळल्या.

त्यानंतर आमच्या दाराशी बायका येईनाशा झाल्या. एक आली, खालच्या आळीची रखमा, अंगठ्याला नखुरडं झालेलं, रडकुंडीला आलेली. मी ओसरीवर वह्या तपासत होतो.

"मास्तरीणबाई, बांदा की वाईच पोटीस."

"मी न्हाई बांदत आता," शांताबाई आतून म्हणाली. "माज्या हाताला गुन न्हाई ऱ्हायला. दवाखान्यात जा."

"अगं बाई, अंगठाच हाय. त्येला काय हुतंय?"

"गालच हुता त्यो बी."

रखमा गेली. मी वहीतली एकच बेरीज पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. तेव्हाही नाही.

*

मग उजवी बाजू ठणकायला लागली.

पहिल्यांदा काय होऊ शकतं ते मला माहीत नव्हतं, आता माहीत होतं. नगरला निरोप गेला, दाढ काढायचा दिवस ठरला आणि माझी झोप गेली. जेवण उतरेना. खुर्चीत बसल्या जागी आपण जाणार, असं डोक्यात बसलं. आणि गेलो तर ती उरलेला जन्म काय समजून जगेल, हेही तिथेच बसलं. मला चांगुलपणा सुचला नाही. भीतीनेच मला तिच्यापुढे नेऊन बसवलं.

ती भाकरी थापत होती. मी चुलीजवळ पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, ताटलीतली दाढ, परसदार, खडूंचं खोकं. आणि ते वाक्य.

तिने हात थांबवला नाही. भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली, उतरवली. मग म्हणाली, "आत्ता का सांगताय?"

"सांगावंसं वाटलं."

"सांगावंसं न्हाई वाटलं. दाढ काडायची हाय, मराल म्हनून भ्या वाटलं."

"हो," मी म्हणालो.

"तवाच मेला असता, मास्तर, तर मी मरंस्तवर म्हनले असते, माज्या हातानं गेला." तिचा आवाज चढला नाही. "मी फडकं घिऊन आले, तवा तुमी गाल पुडं केला. तोंडानं न्हाई म्हनायचं हुतं तर गाल मागं तरी घ्यायचा."

चुलीतलं लाकूड तिने आत सारलं.

"देवळात बोललाव ना? तितंच बोला."

"बोलतो. दाढ काढून आलो की पहिल्याच रविवारी."

"काडल्यावर न्हाई. काडल्यावर तोंड सुजंल, मंग पुन्ना गावंल निमित. आदी बोला."

त्या रविवारी माझं नाव पुकारलेलं नसताना मी उभा राहिलो. पाळकसाहेब गोंधळले. मी पुढचं बाक धरलं. चिरेच्या वेळची भीती, खुर्चीची भीती, सगळ्या एका बाजूला. हे वेगळंच होतं. मी म्हणालो की मागची साक्ष खोटी होती. अज्ञान माझ्या घरात नव्हतं. डॉक्टरांनी मला ताकीद दिली होती, मी भिऊन पळालो, ते लपवायला गप्प बसलो, आणि माझ्या गप्प बसण्याचा दोष बायकोवर जाऊ दिला. कुणी 'आमेन' म्हणालं नाही. कुणीतरी खोकलं. शांताबाई समोर बघत होती, माझ्याकडे नाही.

उपासना सुटल्यावर अंगणात एका म्हातारीने तिला गाठलं. "शांते, म्हंजी तुजं पोटीस बरूबर हुतं व्हय?"

"पोटीस बरूबर हुतं, आत्याबाई," ती म्हणाली. "गाल खोटा हुता."

बायका हसल्या. मीही त्यांच्यात उभा असतो तर हसलो असतो. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आल्यावरही नाही. ती रागावली होती आणि मी लवकर माफी मागून तो राग संपवू नये, एवढं मला आजारपणाने शिकवलं होतं.

*

नगरला ती बरोबर आली. मोटारीत आम्ही शेजारी बसलो होतो. भट्टीचा धूर आत येत होता, तिने पदर नाकाला लावला होता. माझे हात थंड पडले होते. तिने ते हातात घेतले नाहीत, पण सरकूनही बसली नाही.

मी खुर्चीत बसायच्या आधी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, लघवीला म्हणून गेलेला माणूस मीच. हिला तुम्ही दवाखान्यात जे बोललात, ते माझ्या वाट्याचं होतं."

डॉक्टर सुई हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे ते तुम्ही! अहो, तुम्ही घेरी येऊन पडला असाल म्हणून मी तिकडे माणूस धाडला होता. संडासाचं दार ठोठावून आला तो." मग ते शांताबाईकडे वळले. हसू गेलं होतं. "बाई, मी तुम्हाला फार लागेल असं बोललो."

"लागलं," ती म्हणाली. "बसा मास्तर."

मी बसलो. टाचा खुर्चीच्या पट्टीवर घट्ट दाबल्या. सुई गेली. मग तो आवाज, कवटीच्या आतून, आणि दर क्षणाला वाटत होतं की आता. शांताबाई दाराजवळ उभी होती. मागच्या दाराजवळ.

दाढ ताटलीत पडली. डॉक्टरांनी बोळा दाबून चावायला लावला, हात धुतले आणि माझ्यापुढे येऊन सांगायला तोंड उघडलं, "हे बघा, आता घरी गेल्यावर..."

ती पुढे आली आणि माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली.

"काय करायचं न्हाई ते मला सांगा, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "ह्यांना नगं."